वर्षाची माणसे

‘वर्षाचंच हाये,’ असे मी त्या दिवशी किती जणांना सांगितले असेल, त्याची मोजदाद नाही. २०२३ सालच्या जूनचा शेवटचा आठवडा होता. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि नुकता कुठे धरला होता. घाटघरच्या आमच्या घरासमोर भाड्याचा टेम्पो उभा होता. त्यात गोधड्यांची दोन गाठोडी, गॅसची शेगडी, तांदळाची दोन पोती, पाण्याचे पिंप, थोरलीच्या पुस्तकांची पेटी आणि सर्वांच्या वर उलटी टाकलेली लोखंडी खाट. थोरली बारावी शास्त्र शाखेतून पास झाली होती आणि जुन्नरच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. तिच्यासाठी आम्ही चौघे, म्हणजे मी, बायको, ती आणि नववीत गेलेला धाकटा, वर्षभर जुन्नरला बिऱ्हाड करणार होतो. आबा, म्हणजे माझे वडील, मागे राहणार होते. घर होते, बैलजोडी होती, एक गाय होती. कोणीतरी मागे राहायलाच हवे होते.

टेम्पो सुरू झाला तेव्हा आबा ओट्यावरून उठले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘आवणीला येशील नव्हं?’ मी हो म्हणालो.

हे सारे सांगतो आहे ते आमच्या घराचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी नव्हे. आमच्यासारखी घरे दर जूनमध्ये डोंगराखाली उतरतात. त्यांचा बोभाटा होत नाही, कारण जाणारा प्रत्येक जण ‘वर्षाचंच आहे’ म्हणतो आणि ऐकणाराही ते खरे मानतो. ते खरे नसते, हे मला ते वर्ष काढल्यावर कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

घाटघर म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यालगतचे गाव. जुन्नर तालुका पश्चिमेला जिथे संपतो, तिथे. एका अंगाला जीवधन किल्ला, त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका, पलीकडे नानाचा अंगठा आणि त्याखाली एकदम कोकण. मुंबई-पुण्याची मंडळी पावसाळ्यात ढग पाहायला येतात ते हेच ठिकाण. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. भाताची खाचरे, वरकस जमिनीवर नाचणी-वरई आणि रानातला हिरडा, एवढ्यावर इथला संसार चालत आला. त्यातला हिरडा हाच रोख पैशाचा आधार. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली हिरड्याची झाडे मोडून पडली. आमच्या बांधावरचे आजोबांच्या वेळचे मोठे झाडही त्यातच गेले. हिरड्याचे झाड हे काही पुढच्या साली उभे राहणारे पीक नव्हे. तेव्हापासून आमचा आधार दोन गोष्टींवर आला. एक भात, आणि दुसरे म्हणजे शनिवार-रविवारी येणाऱ्या ट्रेकर मंडळींचे जेवण. पिठले, तांदळाची भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात. माझी बायको हे करते. मी बी. ए. झालेला माणूस, पण तिच्या भाकरीने जेवढे कमावले तेवढे माझ्या पदवीने कमावले नाही, हे मोकळेपणाने कबूल करतो.

आता गंमत अशी की, आमच्याकडे तीन गोष्टी एकदम येतात. जूनमध्ये पाऊस येतो आणि पावसाबरोबर पाहुणे. जूनमध्ये भाताचे रोप वाढीला लागते आणि जुलैत आवणी. आणि जूनमध्येच कॉलेजचे प्रवेश. शहरातल्या माणसाला हा योगायोग वाटेल. आमच्यासाठी तो पेच आहे. ज्या महिन्यात घरातले प्रत्येक हात चिखलात हवे असतात, नेमक्या त्याच महिन्यात दाखला, झेरॉक्स, जात पडताळणी, फोटो, अर्ज आणि खोली यांच्यामागे दोन माणसांनी तालुक्याला खेटे घालायचे. शाळा-कॉलेजचे वर्ष ज्यांनी आखले त्यांच्या डोळ्यांसमोर भाताचे शेत नसावे.

तुम्ही म्हणाल, घाटघर ते जुन्नर अंतर किती? तीस किलोमीटरच्या आसपास. पुण्यात लोक तेवढे रोज जातात-येतात. मग बिऱ्हाड कशाला? प्रश्न रास्त आहे आणि मलाही तो नातेवाइकांनी विचारला. उत्तर असे की, थोरलीचे प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला. त्या वेळेला जुन्नरात पोचवील असे कुठलेच वाहन आमच्या गावातून निघत नाही. पावसाळ्यात धुके इतके की, हातातली बॅटरी चार पावलांपलीकडे दिसत नाही. चावंडच्या पायथ्याने, माणिकडोह धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने येणारा तो रस्ता, त्यावर एखादे झाड आडवे पडले की दिवस गेला. आणि जुन्नर तालुक्यात पहाटेच्या अंधारात मुलीला दुचाकीवर एकटी पाठवायची म्हटले की बिबट्या आठवतो. मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा पास मोफत आहे, २०२३च्या मार्चपासून तर सगळ्याच बायकांना तिकिटात निम्मी सवलत आहे. या चांगल्या गोष्टी आहेत आणि आम्हाला त्यांचा उपयोगही झाला. पण सवलतीने अंतर कमी होत नाही.

राहिले वसतिगृह. एका वसतिगृहात आम्ही अर्ज केला होता. जागा मोजक्या, अर्ज पुष्कळ. यादी लागेल तेव्हा कळेल, असे उत्तर मिळाले. यात कोणा एका माणसाचा दोष नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो. खिडकीपलीकडची बाई सौजन्याने बोलली. प्रवेशाच्या पावत्या जमा व्हायच्या, गुणवत्ता लावायची, वरून मंजुरी यायची, मग यादी. पण कॉलेज यादीसाठी थांबत नाही. तास सुरू झाले की मुलीने कुठे तरी राहायलाच हवे. मग खोली. आणि खोली पाहायला गेलो तेव्हा पहिल्याच दारात प्रश्न आला, ‘मुलगी एकटी राहणार का? एकट्या मुलीला देत नाही. कुटुंब असेल तर बघू.’ चार दारांत हेच झाले. पाचव्या दारात मी विचारण्याआधीच सांगून टाकले, ‘कुटुंब आहे.’ आमचे बिऱ्हाड हे असे ठरले. विचारपूर्वक घेतलेला निर्णय म्हणून मी नंतर तो लोकांना सांगत असे, पण खरे पाहता तो एका दारात निघून गेलेला शब्द होता.

जुना वाडा होता. माडीवर ओळीने सहा खोल्या, टोकाला एक मोरी. घरमालकीण मावशी वयस्क, बोलायला फटकळ, मनाने चांगली. पहिल्या दिवशी भाडे हातात घेताना त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडं वर्षाचीच माणसं असतात.’ मला वाटले, अकरा महिन्यांच्या कराराविषयी बोलताहेत. आठवड्याभरात उलगडा झाला. सहापैकी चार खोल्यांत आमच्यासारखीच माणसे होती. हातवीज, इंगळून, भिवाडे अशा पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांची. कोणाचा मुलगा अकरावीला, कोणाची मुलगी नर्सिंगला. एका खोलीत नुसती आजी आणि तीन नातवंडे. प्रत्येक जण वर्षापुरता आलेला, आणि हातवीजच्या कुटुंबाचे ते वर्ष पाचवे होते.

पूर्वी आमच्या भागातून माणसे बाहेर गेली नाहीत असे नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातूनच मुंबईचे डबेवाले गेले, हमाल-माथाडी गेले. पण तेव्हा माणूस जात असे, घर जात नसे. चूल पेटलेली राही, पैसे मनीऑर्डरने येत, दिवाळीला आणि जत्रेला माणूस परत येई. आता एका मुलीच्या पदवीसाठी घराने उठायचे, म्हणजे चूल विझायची. हा फरक लहान नाही.

जुन्नरात आम्ही काय केले? मी एका कापड दुकानात हिशेबनीस म्हणून लागलो. सुटी आठवड्यातून अर्धा दिवस. त्यामुळे आवणीला मी गेलो तो दोन दिवस, तेही खाडा धरून. आबांनी भावकीला हाताशी धरून जेवढे जमले तेवढे लावले. आमची लहानमोठी नऊ खाचरे, त्यांतली पाच त्या वर्षी पडीक राहिली. माझ्या आठवणीत प्रथमच. एरवी बारा पोती भात होतो, त्या वर्षी पाच झाला.

बायकोचे अधिक अवघड होते. सकाळी डबे झाले की त्या दहा बाय बाराच्या खोलीत तिला करण्यासारखे काहीच नसे. घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत जिला बसायला फुरसत नाही, तिला बसून राहण्याची शिक्षा. श्रावणात एके दिवशी ती शेजारणीबरोबर पहाटेच्या गाडीत बसली आणि नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या शेतात मजुरीला गेली. त्यानंतर नेमाने जाऊ लागली. पश्चिमेकडच्या बायका पूर्वेकडच्या बागायतीत कामाला जातात, हे काही नवे नाही, नारायणगावला मजुरांचा बाजारच भरतो. पण स्वतःची पाच खाचरे पडीक टाकून दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणारी बाई मी प्रथम माझ्याच घरात पाहिली. ती तक्रार करीत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, ‘अवो, तिथली माती काळी हाये. नखातून निघत न्हाय.’

काही चांगलेही घडले, ते लपवणार नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ झाल्यामुळे आमच्या वाट्याचे धान्य आम्हाला जुन्नरात बोटाचा ठसा देऊन मिळाले. दहा वर्षांपूर्वी हे झाले नसते. बायकोने मजुरीच्या पैशांचे स्वतःचे खाते उघडले. धाकटा इंग्रजी बरा बोलू लागला. दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर आला. आणि त्या वाड्यात सहा चुलींची माणसे एकमेकांना धरून राहत. इंगळूनच्या आजीला ताप आला तेव्हा तिच्या नातवंडांचे डबे आठ दिवस आमच्याकडून गेले. मागे डोंगरात जी भावकी सुटली होती, तिची एक फांदी त्या माडीवर पुन्हा रुजली, असेही म्हणता येईल.

बायकोने वर्षभर एक वही ठेवली होती. दुरेघी, लाल पुठ्ठ्याची. रोजचा खर्च तीत टिपायचा. मे महिन्यात एका रात्री आम्ही दोघांनी बसून बेरजा केल्या. खोलीभाडे दरमहा तीन हजार, म्हणजे वर्षाचे छत्तीस हजार. वीज आणि पाणी चार हजार आठशे. गॅस साडेपाच हजार. आबांकडे जाण्या-येण्याचे सहा हजार सातशे. एकूण त्रेपन्न हजार रुपये. आणि थोरलीची फी, वह्या, पुस्तके, प्रॅक्टिकलचा पांढरा कोट, सारे मिळून चार हजार तीनशे. फीचा मोठा भाग आमच्या वर्गाला माफच आहे. जेवणखाण मी धरले नाही, कारण ते कुठेही लागते. पडीक राहिलेली खाचरे आणि पावसाळ्यातले बुडालेले पाहुणे तर वहीत येतच नाहीत.

ती बेरीज पाहिल्यावर माझ्या डोक्यात जे लख्ख झाले ते असे : आपल्याकडे शिक्षण महाग नाही, मुक्काम महाग आहे. आपण सगळी चर्चा फीची करतो. फी वाढली की मोर्चे, फी माफ झाली की सत्कार. पण डोंगरातल्या, वाडीवस्तीवरल्या मुलीला कॉलेजच्या दारापाशी अडवते ती फी नव्हे. अडवते ती रात्र. संध्याकाळी तास सुटल्यावर तिने जायचे कुठे, हा प्रश्न. आणि त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या घराने ज्याच्या त्याच्या ऐपतीने द्यावे, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने त्यात जकातीची नाणी टाकावीत, अशी ती व्यवस्था होती असे सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. मी पाहुण्यांना तो दाखवत आलो आहे. त्यात कोणकोणते यज्ञ केले आणि प्रत्येकाला किती गाई, किती घोडे, किती कार्षापणे दिली, ते आकड्यांनिशी कोरले आहे. आकडे लिहिण्याच्या आपल्या देशातल्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. म्हणजे आमच्या गावच्या कातळावर एका बाईने दिलेल्याचा हिशेब आहे. बायकोची ती लाल वही हातात घेतली तेव्हा मला तो लेख आठवला. राणीने दिले ते दान म्हणून कोरले गेले. आमच्यासारख्या घरांतल्या बायका देतात ती जकात आहे, आणि ती कुठेही नोंदली जात नाही. वाट तीच, फक्त पूर्वी वर येणाऱ्याला भरावी लागे, आता खाली जाणाऱ्याला भरावी लागते.

मी असे म्हणालो की थोरली काय म्हणाली, तेही सांगितले पाहिजे. कारण तिच्या बोलण्याने माझा विचार एक पाऊल पुढे गेला. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं, ते मी विसरणार नाही. पण खरं सांगू? तुम्ही आलात म्हणून मी अभ्यासापेक्षा तुमचाच विचार करत होते. आई टोमॅटोला जाते, आबा एकटे आहेत, तुम्ही दुकानात उभे राहता, हे सगळं मला पुस्तकात दिसायचं. नापास झाले तर काय तोंड दाखवू, असं वाटायचं. वसतिगृहात असते तर मी नुसती विद्यार्थिनी असते.’

मी बराच वेळ गप्प राहिलो. बापाला असे ऐकायला आवडत नाही. आपण त्याग केला आणि ज्याच्यासाठी केला त्यालाच तो ओझे झाला, हे पचायला जड असते. पण तिचे खरे होते. घर पाठीवर घेऊन शिकायला गेलेले मूल शिकत असतानाही घरच वाहत असते.

आणि मग आठवते की, हे उत्तर आपल्या समाजाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच सापडले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज, अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शाळा लांब नसते, शाळेजवळची रात्र लांब असते, हे त्या राजाने ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो आणि गहिवरतो. गहिवरण्याआधी तिचा अर्थ ध्यानात घ्यावा. एका बाईने दिले म्हणून अनेक घरांतल्या बायकांना आपले घर मोडावे लागले नाही. त्यापूर्वी पुण्यात गरीब मुले वार लावून जेवत, माधुकरी मागत. त्यात कमीपणा होता, पण निदान आईबापांना गाव सोडावे लागत नसे.

आज उलटे चालले आहे. लातूरला जा. बारावी आणि प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांसाठी परगावच्या आया मुलांना घेऊन खोल्यांतून राहतात, आणि नवरा गावाकडे नोकरी किंवा शेती पाहतो. त्या कुटुंबांजवळ पैसा आहे, म्हणून ते ‘पॅटर्न’ ठरते. आमच्याजवळ नाही, म्हणून ते ‘स्थलांतर’ ठरते. पण दोन्हीकडे गोष्ट एकच : शिक्षणाची संस्था मुलाला वर्गापुरते घेते आणि उरलेले वीस तास घरावर टाकते.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आली. जेवण, निवास आणि निर्वाहासाठी पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर. पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी सुरुवातीला वर्षाचे साठ हजार ठरवले गेले. ज्यांना मिळाले त्यांना त्याचा आधार झाला. हिशेबी माणसाला हे पटते : इमारत बांधा, भटारखाना चालवा, अधीक्षक नेमा, या खटाटोपापेक्षा पैसे द्यावेत, मूल आपले पाहून घेईल. हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. पण त्यात दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे, पैसे हप्त्याने मिळतात आणि भाडे आगाऊ द्यावे लागते. दुसरी अधिक महत्त्वाची. पैशाने खोली मिळते असे आपण समजतो, पण डोंगरातून आलेल्या अठरा वर्षांच्या एकट्या मुलीला पैसे असूनही खोली मिळत नाही. मी चार दारे पाहिली आहेत. २०१८च्या जुलैत वसतिगृहातल्या खानावळीऐवजी जेवणाचे पैसे खात्यावर देण्याला विरोध करीत आदिवासी मुले-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. तेव्हा मला त्यांचा हट्ट समजला नव्हता. ‘पैसे मिळताहेत, मग कशाला चालता?’ असे मीच घरी बसून म्हणालो होतो. आता समजतो. ताट आणि ताटाचे पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताट वाढलेले असते. पैशाचे ताट करायला आधी घर लागते.

मग माझे म्हणणे काय? मोठे काही नाही. पहिले म्हणजे, वसतिगृहाची यादी बारावीच्या निकालाबरोबर तात्पुरती का होईना लागावी. कोणत्या गावातून किती मुले बारावीला बसली आहेत, हे फेब्रुवारीतच ठाऊक असते. जागा मिळणार की नाही, हे घराला भाताचे रोप खाचरात जाण्याआधी कळले, तर घर आपली आखणी करील. दुसरे, गुणांइतकेच वजन अंतराला द्यावे. ज्या मुलीला घरून रोज येणे शक्यच नाही, तिचा हक्क आधी. तिसरे, यादी लागेपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांसाठी तालुक्याच्या गावी तात्पुरता मुक्काम हवा. चार खोल्या, एक स्वयंपाकीण आणि रात्रीला जागी असणारी एक जबाबदार बाई. वाऱ्या येतात तेव्हा आपण लाखो माणसांची गावोगाव सोय करतो. तालुक्यातल्या मोजक्या मुलींची तीन महिने होत नाही, यावर माझा विश्वास नाही.

यावर कोणी म्हणेल, आईबापांनी मुलांसाठी एक वर्ष काढले तर एवढे काय बिघडले? तर काय बिघडते तेही सांगतो.

दिवाळीत आम्ही घरी गेलो. गोठ्यात गाय होती, बैल नव्हते. आबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘दिलं इकून. मला एकट्याला व्हईना.’ कधी विकले, कितीला विकले, मी विचारले नाही. दसऱ्याआधी पावसात त्यांचा पाय घसरला होता आणि आठ दिवस ते खाटेवर होते, हे मला भावकीतल्या पोराकडून कळले. फोनवर ते रोज ‘बरं हाये’ म्हणत. तो बैलांचा जोड मी गोऱ्हे असल्यापासून सांभाळला होता. बायको गोठ्याच्या गव्हाणीवर हात ठेवून उभी राहिली आणि मग आत जाऊन चूल पेटवायला लागली.

२०२४च्या मे महिन्यात आम्ही परत आलो. थोरलीला दुसऱ्या वर्षासाठी वसतिगृहात जागा मिळाली. ती पहिल्या वर्षी पास झाली आहे, चांगल्या गुणांनी. धाकटा मात्र आमच्याबरोबर परतला नाही. दहावी जुन्नरलाच करतो म्हणाला आणि वाड्यातल्या हातवीजच्या कुटुंबात राहिला. म्हणजे वर्ष संपले, पण चौघे गेलेलो दोघेच परत आलो. पडीक खाचरांचे बांध फुटले होते. ते घालायला एक उन्हाळा पुरला नाही. नांगरटीला आता भाड्याचे यंत्र येते. डिझेल महाग आहे आणि यंत्राला डोंगरउतारावरच्या लहान खाचरात वळता येत नाही. बैलजोडी पुन्हा घेण्याचे बळ नाही. वर्ष तात्पुरते होते. त्या वर्षाने जे नेले ते कायमचे गेले.

त्या जूनमध्ये मी रस्त्याच्या कडेच्या खाचराचा बांध लिंपत होतो. पाऊस नुकता उघडला होता. वरच्या वाडीकडून एक टेम्पो आला. त्यात गोधड्या, शेगडी, पिंप. पुढे चालकाशेजारी ओळखीचा माणूस, मागे सामानात बसलेली त्याची बायको आणि मांडीवर पुस्तकांची पिशवी घेतलेला मुलगा. मी हात केला तसा टेम्पो थांबला.

‘कुठं?’ मी विचारले, जणू मला ठाऊकच नव्हते.

‘जुन्नरला. पोराचं कॉलेज. वर्षाचंच हाये.’

खोली मिळाली का, असे मी विचारले. मिळाली नव्हती. दोन दिवस पाहुण्यांकडे उतरून पाहणार होते. चिखलाचे हात पैरणीला पुसून मी मोबाइल काढला आणि मावशींचा नंबर त्याला दिला. ‘आमची खोली रिकामी असंल,’ म्हणालो. त्याने नंबर घेतला आणि मग जरा अडखळत विचारले, ‘घरी म्हातारी एकटी हाये. अधनंमधनं बघशील का?’

मी हो म्हणालो. एका जूनमध्ये आबांनाही मी असेच हो म्हणालो होतो. या वेळी मात्र तो शब्द पाळतो आहे. दर दोन दिवसांनी वरच्या वाडीला एक चक्कर टाकतो.